पाच खेपा आणि एक धोतर

सन एकोणीसशे अडुसष्ट. वैशाख महिना, अक्षय्य तृतीयेचा दिवस. ऊन असं, की कोंबड्या चोच उघडी टाकून सावलीला पडल्या होत्या. त्या दिवशी घाटाखालच्या खैरवाडीतून एक भोळा गडी घाट चढायला निघाला.

त्याचं नाव सटवा. वय पंचवीस. अंगाने रेडा. सांगितलेलं ऐकायचा. सांगितलं तेवढंच ऐकायचा. गावात त्याच्याइतका आज्ञाधारक माणूस नव्हता, आणि त्याच्या आईला, चंद्राबाईला, त्याचाच घोर होता.

घोर लग्नाचा. घाटावरच्या सोंडेवाडीत हौसा नावाची मुलगी होती. तिच्या घरचे तयार होते. पण सोंडेवाडीची एक रीत होती. मुलगी घाटाखाली द्यायची, तर नवऱ्या मुलाने एकट्याने, स्वतःच्या पायांनी, दुपारच्या आत घाट चढून दारात उभं राहायचं. उद्या मुलीला सणाला माहेरी आणायचं, तर याचे पाय चालतात का, ते आधी बघायचं. पौर्णिमेपर्यंत पाच खेपा द्यायचे. सहावी नाही.

"आरं, हिच्यामागं तुला कोण पोरगी देणार नाय," चंद्राबाई म्हणाली. "नीट जा."

"काय नेसून जाऊ?"

"मला काय इचारतोस? जाणत्यांना इचार."

सटवा जाणत्यांकडे गेला. शिंपी म्हणाला, विजार घाल, करवंदीचे काटे लागत नाहीत. न्हावी म्हणाला, चड्डी घाल, ढांग लांब पडते. आत्या म्हणाली, "बायका जलमभर परकर नेसून घाट चढतात. एकीच्या तरी मांड्या घामानं सोलल्यात का? परकर नेस."

तिघेही जाणते. सटवाने चड्डी घातली, वर विजार घातली, वर आत्याचा परकर नेसला आणि निघाला.

पहिल्या वळणावर तो भोवळ येऊन पडला. गुराख्यांनी पाणी मारून घरी आणला.

चंद्राबाईने कपाळावर हात मारला. "उन्हाळा हाय का थंडी? एका वेळी एकच नेसावं रे."

"एका वेळी एकच," सटवा म्हणाला.

दुसऱ्या खेपेला तो नुसता परकर नेसून निघाला. खरं सांगायचं तर परकर चांगला. ढांग मोकळी, खाली गार. सटवा झपाझप चढला. पण खिंडीत वारा असतो. त्या वाऱ्याने परकर उचलला तो थेट सटवाच्या डोक्यावर नेऊन ठेवला. सटवाला काही दिसेना. खाली उतरणाऱ्या मोळीवाल्या बायांना सगळं दिसलं. त्या मोळ्या टाकून पळाल्या. सटवा तसाच चालत राहिला आणि करवंदीच्या जाळीत शिरला. बाहेर यायला त्याला तिसरा प्रहर झाला.

काटे काढता काढता चंद्राबाई म्हणाली, "वारा सुटला की दोन्ही हातांनी घट्ट धरावं. येवढं कळत नाय?"

"आता कळलं."

तिसऱ्या खेपेला त्याने चड्डी घातली. न्हाव्याचं खरं होतं. ढांग लांब पडली. खिंडीत वारा सुटला. सटवाने चड्डी दोन्ही हातांनी घट्ट धरली. खिंडीच्या पुढे खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत. त्या हातांनी धरून चढाव्या लागतात. सटवाचे हात गुंतलेले. तो पायऱ्यांपाशी वारा थांबायची वाट बघत उभा राहिला.

वरून शेळ्या हाकत एक शेळकी उतरला. "काय गड्या, चड्डी पडती का?"

"नाय. घट्ट हाय."

"मग धरलीस कशाला?"

"वारा हाय."

शेळकी शेळ्यांमागे खाली गेला.

वारा थांबला तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. सटवाचे पाय भरून आले. तो पायरीशेजारच्या काळ्या खडकावर बसला. बसला तसाच उठला. खडक तव्यासारखा तापला होता आणि चड्डी आखूड होती. मांड्यांना मागून चटका बसला तो असा, की चार दिवस पालथं झोपावं लागलं.

चंद्राबाईने कोरफड चोळली. "तापल्या दगडावर बसताना खाली फडकं अंथरावं, फडकं."

"अंथरीन."

"आता दोनच खेपा राहिल्या."

"दोन म्हंजे पुष्कळ."

चौथ्या खेपेला पुन्हा चड्डी. वारा सुटला नाही. सटवा पायऱ्या चढून गेला. वरच्या टप्प्यावर पाण्याचं टाकं आहे. सूर्य अजून डोक्यावर आला नव्हता, वेळ होता. त्याने जरा बसायचं ठरवलं. खडक तापला होता. खाली फडकं अंथरायचं होतं. कमरेला एकच कापड होतं, कारण एका वेळी एकच. त्याने चड्डी काढली, खडकावर नीट अंथरली आणि तिच्यावर बसला. चटका मुळीच बसला नाही. आईच्या शहाणपणाचं त्याला कौतुक वाटलं.

मग तो टाक्यावर पाणी प्यायला उठला. तेवढ्यात एका वानराने चड्डी उचलली आणि उंबरावर जाऊन बसलं.

सटवा झाडाखाली उभा राहिला. अंगात बंडी, ती बेंबीपर्यंत. वरून एक म्हातारा काठी टेकत उतरला.

"कुणाचा रे तू?"

"खैरवाडीचा."

"आणि कापडं?"

सटवाने वर बोट दाखवलं. म्हाताऱ्याने वर पाहिलं. वानराने चड्डी डोक्यात घातली होती.

म्हातारा हसला नाही. जाणता माणूस. त्याने अंगचं धोतर सोडलं. आधी कासोटा, मग निऱ्या. घडी घातली आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं. आत त्याला लंगोट होता.

"घे. उसनं देतोय. फुकट नाय."

सटवाने सगळं नीट पाहून घेतलं. "कुठं आणून देऊ?"

"सोंडेवाडीला. तात्या म्हणून इचार. आता घरी जा, पोरी मोळ्या घेऊन येतील."

सटवा घरी गेला. खेप वाया गेली.

चंद्राबाईने धोतर धुतलं, निळीत घातलं, वाळवून घडी केली. "ही शेवटची खेप. ऐकतोस ना? उद्या पुनव. विजार घाल. धोतर पिशवीत हाय, त्या तात्याला दे. उसनं जसं घेतलं तसंच द्यावं. त्यात फरक पडला तर घराण्याचं नाव जातं."

"जसं घेतलं तसंच," सटवा म्हणाला.

पहाटे तो विजार घालून निघाला. गावाबाहेर आल्यावर थांबला. धोतर पिशवीतून घेतलं नव्हतं. कमरेचं घेतलं होतं. तेव्हा कमरेचंच द्यायला हवं. त्याने विजार काढून बोरीवर टांगली, कारण एका वेळी एकच, आणि धोतर नेसला.

धोतरासारखं दुसरं काही नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. खाली वारा खेळला. गुडघे मोकळे राहिले. खिंडीत वारा सुटला, पण कासोटा मागे खोचलेला होता, धरायला काही उरलं नाही. ऊन चढायच्या आत सटवा सोंडेवाडीत दारात उभा होता.

सोंडेवाडी खूष झाली. ओट्यावर घोंगडी अंथरली होती, तिच्यावर त्याला बसवलं. पंधरा-वीस माणसं जमली. आत बायका. हौसा दाराआडून बघत होती. ती आईला म्हणाली, "पाचव्यांदा आला. हट्टी हाय. चालंल मला."

हौसाचा बाप म्हणाला, "लोक याला भोळा का म्हणतात? चांगला गडी हाय. कपडा बघा कसा सुबक नेसलाय."

"भोळा नाय," आतून कुणी बोललं. "कमी बोलतो."

नारळ आणला. सुपारी फोडायची तेवढी राहिली. ती फोडायला घरातलं वडीलधारं माणूस लागतं. माजघरातून हौसाचा आजा काठी टेकत बाहेर आला.

तो तात्या होता.

तात्याने सटवाला ओळखलं. धोतरही ओळखलं. पोराची अब्रू जाऊ नये म्हणून डोळ्यांनीच खूण केली आणि हळू म्हणाला, "ते राहू दे आता. सावकाश बघू."

"राहू कसं देऊ?" सटवा म्हणाला. "उसनं हाय. आई म्हणाली, जसं घेतलं तसंच द्यावं."

"पोरा, बस खाली."

सटवा उठून उभा राहिला. हौसाचा बाप, मामा, पाटील, शेळकी, मोळीवाल्या बाया, सगळे बघत होते. त्याने आधी कासोटा सोडला, मग निऱ्या. घडी घातली आणि दोन्ही हातांनी तात्यापुढे धरली.

देणं फिटलं.