धाकू मेस्ताचा मांगर

फार मागची गोष्ट. तेव्हा आपल्या खाडीवर पूल नव्हता आणि तरीची वाट बघण्यात माणसांचं अर्धं आयुष्य जाई. वरच्या टेकाडावर धाकू मेस्त नावाचा सुतार राहायचा. त्याने फणसाच्या फळीवर पोपट रंगवला की मांजर त्याच्यावर दबा धरून बसे, असं म्हणतात.

पण माणूस विक्षिप्त. कुणाच्या सांगण्यावरून काही करायचा नाही. मनात येईल ते घडवायचा, रंगवायचा आणि आपल्या मांगरात, म्हणजे कामाच्या झोपडीत, ठेवून द्यायचा. पेटारे, चौरंग, वेलबुट्टीचे बाक. हे कोणासाठी, असं विचारलं तर एकच उत्तर.

"ह्येचो धनी अजून येवचो आसा."

एखादं गिऱ्हाईक मनात भरलं तरच वस्तू द्यायचा, नाहीतर परत पाठवायचा. गावाला हे भिकेचे डोहाळे वाटायचे. त्याची बायको मंजुळा तेवढी हसून सोडून द्यायची. बसायला एक पाट करून द्या, म्हणून तिने जन्मभर मागितलं. तिलाही तेच उत्तर मिळालं.

मग ते वाईट वर्ष आलं. श्रावणात खाडी गावात शिरली. घराघरातला लाकूडफाटा भिजून गेला आणि पाणी ओसरल्यावर पटकीची साथ आली. माणसं पटापट मरू लागली आणि त्यांना जाळायला गावात सुकं लाकूड नव्हतं. पहिला गेला तो तांडेलांचा तरणा केशा. बाप त्याला खाडीत सोडायला निघाला, तेव्हा धाकू आडवा आला. त्याने मांगरातून माशांची नक्षी असलेला मोठा पेटारा ओढत आणला.

"ह्यो ह्येचोच होतो," तो म्हणाला. "माका आता कळला."

एका पेटाऱ्याने कधी माणूस जळतं का? त्या दिवशी जळलं. पाऊस चितेभोवती उभा राहिला, आत आला नाही, असं म्हणतात.

मग मांगर रिकामा होत गेला. हत्तींचा बाक बुटक्या गुरवाबरोबर गेला, मोरांचा चौरंग वैदिणीबरोबर. प्रत्येक चितेतून रंगवलेली पाखरं उडाली आणि मांगरामागच्या फणसावर जाऊन बसली. आजाऱ्यांना पेज पाजत फिरणारी मंजुळा सगळ्यांत शेवटी गेली. तेव्हा मांगरात काहीच उरलं नव्हतं. उरला होता तो फक्त धाकूचा ठोकळा, ज्यावर त्याने सगळं काम केलं तो. तोच त्याने खाली नेला.

"बस गो आता," तो तिला म्हणाला. "ह्यो तुझो."

त्यानंतर त्याने पटाशी हातात धरली नाही. पुढच्या पावसाळ्यात तोही गेला. माणसं लवकर विसरतात हो. गावाने लाकूड पुन्हा खालीच रचलं होतं आणि ते पुन्हा भिजलं होतं. साऱ्या गावाला अग्नी देणाऱ्या माणसाला अग्नी मिळाला नाही. त्याला त्या फणसाखाली पुरलं. फणसावरची पाखरं त्या दिवशी उडून गेली, ती परत आली नाहीत, असं म्हणतात.

तेव्हापासून मिरगाच्या आधी प्रत्येक घरातून एक सुकं लाकूड टेकाडावर जातं. आता घरोघरी गॅस आला, तरी जातं. नवी सून पहिल्यांदा लाकूड घेऊन चढते, तेव्हा सासू तिला एवढंच सांगून ठेवते: मांगरात ठेवायचं आणि माघारी फिरायचं. हे कोणासाठी, असं विचारायचं नाही.