बिनदाराचं घर आणि हिराई

फार फार वर्षं झाली. आमच्या बोरखळीत तेव्हा जेमतेम वीस उंबरे होते. तिथं हिराई नावाची सुईण राहायची. सत्तरीची, कमरेत वाकलेली, पण तिचा हात लागला की अडलेली गायसुद्धा सुटायची, असं म्हणतात.

त्याच गावात साळू होती. तिची झोपडी जळाली, आणि तिला तर नववा लागलेला. बाळाच्या आधी घर हवं म्हणून तिच्या नवऱ्यानं भिवा गवंडी आणि लक्षा सुतार, दोघांनाही बोलावलं. दोघं कामाला वाघ, पण एकमेकांच्या दारी जाऊन विचारतील तर शपथ!

भिवा म्हणायचा, "चौकट आल्याबिगर दाराची जागा सोडू कुठं?"

लक्षा आपल्या अंगणातून म्हणायचा, "जागा बघितल्याबिगर चौकट करू कशी?"

वाट बघून भिवाला आला राग. त्यानं चारी भिंती सरळ वर नेल्या. दारच नाही! लक्षालाही राग आला. त्यानं अंदाजानं चौकट केली आणि बाहेर आणून टेकवली. गाव हसून लोळलं. साळूही हसली, शिडीनं आत उतरली आणि जमीन सारवायला बसली. सारवता सारवताच तिला कळा सुरू झाल्या. आता शिडी कशी चढणार?

नवरा धावत जाऊन हिराईला घेऊन आला.

"दार कुठाय रे?"

भिवानं लक्षाकडं बोट केलं, लक्षानं भिवाकडं.

"मेल्यांनो, मी काय चिमणी हाय, वरनं उडून जायला? भिंत फोडा!"

भिवा पांढरा पडला. "आये, दगड काढला तर वरची भिंत साळूच्या अंगावर यील."

"मग लक्षानं धरायचं, तू काढायचं. मी सांगीन तवाच. एकाचाबी हात सुटता कामा नये."

हिराईनं भिंतीला कान लावला. आत साळू कण्हली की ती ओरडायची, "कळ आली, धरा!" लक्षासकट सगळं गाव भिंतीला पाठ लावायचं. कण्हणं थांबलं की, "कळ गेली, काढा!" मग भिवा दगड उपसायचा. धरा, काढा, धरा, काढा. दगड भिजल्या पिठासारखे मऊ होऊन हातात आले, असं म्हणतात. आणि ती अंदाजानं केलेली चौकट तसूभरही कमीजास्त न होता बसली! हिराई आत शिरली, आणि लगेच बाळाचा आवाज आला. "पोरगी हाय!" तिनं आतूनच सांगितलं.

चौकट धरूनच भिवा म्हणाला, "लक्षा, आपल्याला पोरगी झाली रं!"

आतून हिराई ओरडली, "दोघंबी मामा झालात. आता तरी बोलत जावा!"

आजही आमच्या गावात घर बांधताना आधी चौकट उभी करतात. ती अजून कशातच बसवलेली नसते, नुसती गवंड्याच्या आणि सुताराच्या हातांवर असते. म्हातारी बाई हाळी देते, "कळ आली, धरा!" आणि गावातलं सगळ्यात लहान बाळ त्या चौकटीतून पलीकडं देतात. यंदा माझी तान्ही होती. पलीकडं मी हात पसरून उभी होते, नजर गवंड्या-सुताराच्या हातांवर. एकाचाही हात सुटला नाही. माझी छकुली हसत हसत माझ्याकडं आली.