पगडी आणि झुळूक

शिंपलगडावर वारा किती सुटलाय हे ठरवायची मुभा वाऱ्याला नव्हती. ते काम दरबारच्या वायुशास्त्र्यांचं. दारंखिडक्या लावून, शाल पांघरून ते यादीतलं एक नाव काढत: झुळूक, वारा, सोसाटा, वादळ. वादळात होडी घालायची नाही, बाकी कशातही घालायचीच, असा हुकूम होता. आता भैरोजीराजांना रोज जेवायला बेटावरची कालवं लागत. त्यामुळे गेल्या तीन वर्षांत गडावर वादळ म्हणून कधी झालंच नाही.

त्या दिवशी माडाच्या झावळ्या उडून थेट दरबारात येऊन पडल्या. शास्त्रीबुवांनी नाव दिलं, झुळूक. राघो तांडेलाला कालवांसाठी होडी काढायचा निरोप गेला. तशी त्याची लेक चांगुणा तडक दरबारात शिरली. या वाऱ्यात गेलेला बाप परत यायचा नाही, असं तिनं तोंडावर सांगितलं.

राजांना कुणी उलटून बोललेलं खपत नसे.

"वारा कुठे संपतो आणि वादळ कुठे सुरू होतं, ती रेघ दाखव. नाही दाखवलीस तर होडीत बापाशेजारी तूही बसशील."

शास्त्रीबुवा गालात हसले. ही रेघ त्यांनाही कधी सापडली नव्हती, पण त्यांना विचारतो कोण?

"दाखवते," चांगुणा म्हणाली. "पण दर्याकडच्या बुरुजावर चला. आणि कुणी पगडीला हात लावायचा नाय. माप चुकतं."

बुरुजावर पाऊल ठेवताच पहारेकऱ्याचं मुंडासं उडालं. झुळूक आहे, राजे म्हणाले. मग शास्त्रीबुवांची पगडी गेली आणि इतकी वर्षं झाकलेलं टक्कल चकाकलं. राजांनी पोट धरून हसत 'वारा' एवढंच कबूल केलं. दिवाणजींची गेली तेव्हा राजे नाइलाजानं सोसाट्यापर्यंत आले. तेवढ्यात मोत्यांच्या तुऱ्यासकट त्यांची स्वतःची पगडी उडाली ती थेट समुद्रात!

"वादळ! अरे, वादळ आहे हे!" राजांनी कठड्याला मिठी मारली.

"हीच ती रेघ, महाराज," चांगुणा म्हणाली. "दुसऱ्याची उडते तोवर झुळूक. आपली उडाली की वादळ."

राजे वरमले, पण हटले नाहीत. "बरं. मग बापाला सांग, होडी काढून माझी पगडी घेऊन ये."

"नाय जमायचं. वादळात होडी घालायची नाय. महाराजांचाच हुकूम."

यावर राजे इतके हसले की दिवाणजींना त्यांना धरावं लागलं. गळ्यातला कंठा त्यांनी चांगुणाला दिला. वाऱ्याला नाव द्यायचं कामही तेव्हापासून तिच्याकडेच आलं. त्या दुपारी राजे बोडक्या डोक्यानं पिठलंभात जेवले.