राजयोगाचं बटण

राजमातांनी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. म्हणजे झालं, पण भलतंच. "राजयोग वर्गणी भरा" अशी पाटी मोबाइलवर नाचत आली, आणि चांदवळच्या राजवाड्यात त्या दिवशी कुणाला धड जेवता आलं नाही.

चांदवळात राजाही होता आणि मोबाइलही होते. प्रजेला वेळेची किंमत कळावी म्हणून तुंगभान महाराजांनी 'घटका' नावाचं ॲप काढलं होतं. साधी वर्गणी भरली की ते वेळेवर उठवायचं आणि कामांची आठवण करून द्यायचं. राजयोग वर्गणी भरली की त्याच्याही पुढे जायचं. माणूस दिवसभर काय करतो ते टिपायचं आणि वेळ कुठे गेला ते संध्याकाळी त्याच्या तोंडावर सांगायचं. पैसे मोजून असलं ऐकून कोण घेईल, हा प्रश्न दरबारात कुणी विचारला नव्हता. दरबारात प्रश्न विचारायची पद्धतच नव्हती.

ॲपमधली बटणं चितारायचं काम सटवाजी रंगाऱ्याकडे होतं. त्याने राजयोगाच्या बटणावर सरळ एक कुलूप काढलं होतं. प्रधान नीळोपंतांनी ते पुसायला लावलं. कुलूप दिसलं तर लोकांचं बोट तिकडे वळणार कसं, असं त्यांचं म्हणणं पडलं. वर बटणाला त्यांनी सोनेरी रंगही द्यायला लावला. लोक हौसेने बटण दाबत आणि मनसोक्त शिव्या देत. प्रजेच्या शिव्या राजवाड्यापर्यंत पोचत नाहीत, पण राजमातांना शेजारच्याच दालनातून बोलायचं होतं. पोटचा पोर आईकडे वर्गणी मागतो, हे त्यांनी सगळ्या राजवाड्याला ऐकवलं.

महाराजांनी जाब विचारताच नीळोपंतांनी सटवाजीचं नाव पुढे केलं. बटण त्याने काढलं, तेव्हा फसवणूकही त्याचीच. महाराजांनी सटवाजीला कामावरून काढलं आणि राजवाड्यामागची त्याची खोली रिकामी करायला सांगितली. बिचारा सटवाजी सामान बांधायला लागला. त्याची मुलगी गोजरा मात्र तडक दरबारात आली आणि पुसलेल्या कुलपाची हकिगत सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाली.

महाराजांना चूक कळली. पण दिलेला हुकूम मागे घ्यायचा म्हणजे त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

"मग तूच करून दाखव बटण," ते म्हणाले. "राजयोगात काय मिळतं ते प्रत्येकाला दिसलं पाहिजे, आणि खरंखुरं दिसलं पाहिजे. पण वर्गणी न भरणाऱ्याचं कणभरही काम फुकटात होता कामा नये. कुलूप खुशाल लाव, पण ते बघून कुणी चिडता कामा नये. जमलं तर तुझा बाप राहील. नाही तर दोघंही चालायला लागा."

नीळोपंतांची कळी खुलली. हे का जमणार नाही ते त्यांनी मोठ्या प्रेमाने समजावून सांगितलं. बटण दाबणाऱ्याचाच दिवस उलगडून दाखवला, तर त्याचं काम फुकटात झालं. मनाने रचलेला दिवस दाखवला, तर तो खोटा. आणि दुसऱ्या कुणाचा खरा दिवस दाखवायचा, तर स्वतःचा दिवस असा चव्हाट्यावर मांडायला कोण तयार होईल?

गोजराने हात जोडले. "महाराज, तुमच्या दिवसात लपवण्यासारखं काही आहे का?"

दरबार खचाखच भरला होता. महाराजांनी मिशीवर ताव दिला. "राजाच्या दिवसात लपवण्यासारखं काय असणार? ज्याला हवा त्याने खुशाल बघावा."

महाराजांच्या मोबाइलवर राजयोग अर्थातच होता. त्यांनी तो आजवर एकदाही उघडला नव्हता, इतकंच.

दुसऱ्या दिवशी चांदवळातल्या प्रत्येक मोबाइलवर नवं बटण आलं. सोनेरी रंग गेला होता आणि कुलूप परत आलं होतं. खाली लिहिलं होतं, 'हे राजयोग वर्गणीत मिळतं. काय मिळतं ते पाहायला दाबा.' दाबलं की नमुना उघडायचा:

'महाराजांचा कालचा दिवस. सकाळ: मिशांची निगा. दुपार: जेवण, मग कबुतरं. दरबार: सुरुवातीला जागे, पुढे झोप. राज्यकारभार: कबुतरं उडून गेल्यावर थोडा.'

राजमातांना हसून हसून ठसका लागला. बाजारात माणसं एकमेकांना मोबाइल दाखवू लागली. कुलपावर चिडायची कुणाला आठवणच राहिली नाही. उलट पुष्कळांनी राजयोग घेऊन टाकला. जे यंत्र राजाचीही भीड ठेवत नाही ते आपल्याशी कशाला खोटं बोलेल, असा त्यांचा साधा विचार होता.

महाराज मात्र लालबुंद झाले होते. बोलून बसले होते, त्यामुळे नमुना काढून टाक म्हणायचीही सोय राहिली नव्हती.

"निदान ते 'झोप' काढ," ते दबक्या आवाजात म्हणाले. "त्या जागी 'चिंतन' लिही."

"लिहिते की," गोजरा म्हणाली. "पण मग सगळ्यांच्याच झोपेला चिंतन म्हणावं लागेल. आणि महाराज, आपण झोपत नाही, चिंतन करतो, असं माणसाला फुकटातही वाटतंच. त्यासाठी राजयोग कोण घेईल?"

महाराजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते इतके मोठ्याने हसले की उरलीसुरली कबुतरंही उडाली. सटवाजीला त्यांनी काम आणि खोली दोन्ही परत दिली. गोजराच्या खांद्यावर शेला घातला, आणि यापुढे तिने पाहिल्याशिवाय राज्यात एकही बटण लागणार नाही असा हुकूम काढला.

"आणखी काय हवं ते माग," महाराज म्हणाले.

"मला काही नको," गोजरा म्हणाली. "प्रधानजींना तेवढा एक राजयोग द्या. आणि त्यांचा दिवस दरबारात वाचून दाखवा."

नीळोपंतांनी घाईघाईने हात जोडले. "नको महाराज. मला आपली साधीच वर्गणी बरी."