एस्तेरबाईंचा प्रश्न

एका तालुक्याच्या गावी, तिथल्या ख्रिस्ती मंडळीत, शांतवन नावाचे एक वडील होते. मंडळीत वडील म्हणजे जबाबदार माणूस, आणि तसे ते होतेच. नाताळाचा मांडव असो की कुणाच्या घरचं लग्न, शांतवनराव सगळ्यांच्या आधी हजर. गुरुवारचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा वर्ग, तेवढा त्यांना मानवत नसे. निवृत्त झालेले एक वृद्ध पाळक तो वर्ग घेत आणि समोर जेमतेम चार म्हाताऱ्या बसत. शांतवनरावांना बोलावलं की ते हसून म्हणत, आमचं दृढीकरण कधीच झालंय, आता पुन्हा काय शाळेत बसायचं? जणू पोरवयात धर्मशिक्षणाची परीक्षा देऊन मंडळीचा पक्का सभासद झालं, की देवाचं सगळं बोलणं ऐकून संपलं. आपल्यातले बहुतेक जण असेच असतात म्हणा.

पुढे झालं असं, की शेजारच्या एस्तेरबाईंचा नवरा सकाळी कामावर गेला तो परत आलाच नाही. वाटेतच हृदय बंद पडलं. दफनविधी झाला. दुसऱ्या दिवशी शांतवनराव भेटायला गेले, तेव्हा बाईंनी त्यांना विचारलं, "भाऊ, त्या सकाळी मी त्यांना फार टाकून बोलले. ते न जेवताच गेले. अशा बाईला शास्त्रात काही सांगितलंय का?"

शांतवनराव गडबडले. ठाऊक नाही असं म्हणायची लाज वाटली. देव दाखवील ते पान खरं, असं मनाशी म्हणत त्यांनी डोळे मिटून शास्त्र उघडलं आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. निघाली वंशावळ. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी झाला. आता मध्येच थांबावं कसं, म्हणून ते वाचतच राहिले. बाई हात जोडून शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, की माझ्या डोक्यात काही शिरलं नाही भाऊ, माझंच मन ठिकाणावर नाही.

नाव शांतवन, म्हणजे सांत्वन, आणि करून बसले हे. ते तसेच उठून पाळकांकडे गेले. मान खाली घालून सगळं सांगितलं आणि विनवलं, की तुम्ही चला, योग्य ते वाचा. पाळक आले. बाईंजवळ बसले, त्यांचं रडणं ऐकून घेतलं, लहानशी प्रार्थना केली आणि शास्त्र न उघडताच उठले. शांतवनरावांना काही कळेना. बाहेर पडल्यावर त्यांनी जरा रागानेच विचारलं, की तुम्हाला तर सगळं येतं, मग वाचलं का नाही?

पाळक म्हणाले, "मी वाचलं असतं तर तुझी सुटका झाली असती. ती बाई अजून तुझ्या त्या पानाशी झगडते आहे. आपलं पाप इतकं मोठं, की देवाचा शब्दही आपल्याला कळेनासा झाला, असं तिला वाटतंय. ते तू तिच्या मनात घातलंस, तूच काढ. आणि हे ध्यानात घे, तिनं मला विचारलं नाही, तुला विचारलं. दुःखातला माणूस पाळकाला शोधत फिरत नाही रे, जवळ असेल त्यालाच विचारतो. शास्त्राभ्यास त्या घडीसाठी असतो. तुझ्या दृढीकरणाला मी तुझ्या मस्तकावर हात ठेवला, तेव्हा तुझं शिक्षण सुरू झालं होतं. तू ते संपलं असं समजलास."

शांतवनरावांचे कान तापले होते. ते माघारी फिरले आणि एस्तेरबाईंच्या दारातच उभे राहिले.

"ताई, ते पान तुमच्यासाठी नव्हतंच. तुमचं मन ठिकाणावर होतं. मला शास्त्र येत नाही, आणि तसं म्हणायची मला लाज वाटली."

बाईंनी पदराने डोळे पुसले. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासाठी अजून काही असेल?"

"असेल," शांतवनराव म्हणाले. "गुरुवारी चला. मलाही शोधायचंय." त्यांना वर बघवेना.

आपल्या शेजारच्या कुणी आपल्याला अजून असं विचारलेलं नाही, एवढ्याच भरवशावर आपण गुरुवारी घरी बसतो.