दोन वितींचं पांघरूण

फार फार मागं, ढग डोंगरावर रवंथ करत बसायचे तेव्हाची गोष्ट. एका राज्यात म्हाताऱ्या चाकरांना निरोप देताना राजा एक घोंगडी द्यायचा. घोंगडी उबदार, पण सगळ्यांना एकाच मापाची. कुणाचे पाय उघडे राहायचे, कुणाची पाठ. मग थंडीआधीच्या जत्रेत जो तो घोंगडीला जोड म्हणून दुसरं पांघरूण बघायचा.

त्या साली राजाचा म्हातारा मशालजी जत्रेला आला. जन्मभर दुसऱ्यांच्या वाटेवर उजेड धरलेला. आता त्याचे पाय गारठायचे. जवळ काय, तर एक मेंढी. तिच्याच दुधावर म्हातारा-म्हातारी जगत होती.

"या आजोबा!" जरीचा अंगरखा घातलेला व्यापारी म्हणाला. "डोक्यापासून नखापर्यंत मखमल! गेल्या हिवाळ्यात किती गेले, ठाऊक आहे ना? मेंढी द्या, निर्धास्त व्हा. राजाच्या आचाऱ्यानं तर गाय दिली."

भीती धुक्यासारखी असते, वाट दिसू देत नाही. मशालजीनं दावं सोडायला घेतलं.

तेवढ्यात मेंढी म्हणाली, "दे की मला. मग दूध काय मखमलीतनं पिळशील?"

तो ओशाळला, पुढं सरकला. टोकाला एक विणकरीण बसली होती.

"बाई, मोठ्यात मोठं दाखव."

"आधी झोपून दाखवा."

"इथं? भर जत्रेत?"

"मग? उभ्या माणसाचं पांघरूण मापतात होय?"

लोक हसले. मशालजी खांद्यावरची घोंगडी ओढून आडवा झाला, आणि खरंच त्याचा डोळा लागला. स्वप्नात ढग खाली उतरले, पायाशी येऊन बसले. जाग आली तेव्हा विणकरीण विती मोजत होती.

"अंगाला राजाची घोंगडी पुरते. उघडे राहतात ते नुसते पाय. दोन विती बास. मेंढी नको, तिची यंदाची लोकर द्या. आणि ऐका, हे पायांपुरतंच हं. छातीत गारठा शिरला तर यानं भागायचं नाही, वैद्य गाठा."

"तुझंच नुकसान करतेस की गं!"

"मेंढी नेली असती, तर रोज तिच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं मला."

पौषात दहिवर पडलं. मशालजीचे पाय उबेत राहिले, आचाऱ्याची मखमल मात्र भिजून गार झाली. तो व्यापाऱ्याकडं धावला, तर त्यानं मखमलीची किनार पुढं केली. मुंगीएवढ्या अक्षरांत विणलं होतं, 'दहिवरात चालणार नाही.' आचारी कुडकुडत मशालजीच्या दारी आला. म्हातारीनं त्याला चुलीपुढं बसवलं, मेंढीचं ऊन ऊन दूध दिलं.

पुढच्या जत्रेत विणकरणीपुढं सगळे म्हातारे ओळीनं झोपले होते. व्यापाऱ्याच्या मखमलीवर नुसतं दहिवर साचत होतं.

म्हणून सांगतो बाळांनो, विकणाऱ्यानं घेणाऱ्याची भीती मापू नये, पाय मापावेत.