बरणीत न गेलेले गुलाब

"मांजर नाही, साप नाही. मग कशानं मेली, बाबा?"

बोंद्रे मास्तरांनी गुलाबांची परडी खाली ठेवली, पण स्वतः काही बसले नाहीत.

गावाबाहेरच्या तकियात राहणारे करीमशा फकीर गुलकंदाची बरणी उन्हात मांडत होते.

"कोण मेलं, मास्तर?"

"बुलबुलाची पिल्लं. तिन्ही. चोची उघड्याच होत्या..."

बाबांनी बरणी हातातून खाली ठेवली.

मास्तर चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, पण गावात त्यांची ओळख गुलाबांची. तालुक्याच्या प्रदर्शनात सहा वर्षं पहिला नंबर. पानाला भोक नाही, कळीला डाग नाही. हे ते स्वतःच सांगत, समोरचा जांभया देऊ लागला तरी सांगत. दर गुरुवारी बाबांना परडीभर फुलं आणून देत, तेव्हाही सांगत. आज मात्र गुलाबाचं नावही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"मालतीच्या खिडकीशी, जाईच्या वेलावर घरटं होतं," ते म्हणाले. "दिवाळीपासून ती अंथरुणाला खिळलीय. उजवा हात हलत नाही, बोलताना अडखळते. पण पिल्लं ओरडायला लागली की हसायची. आज सकाळपासून तीनदा विचारलं तिनं, गप्प का झाली म्हणून... मी सांगितलं, झोपलीत."

बायकोशी कधी खोटं न बोललेला माणूस. सांगतानाच त्यांना रडू आलं.

बरणी अर्धीच भरली होती. बाबांनी परडीतलं एक टपोरं फूल उचललं, पाकळ्या खुडल्या आणि हात बरणीकडे नेला.

मास्तरांनी झटकन त्यांचं मनगट धरलं. "हे काय करता बाबा! खाण्यात नका घालू. सोमवारीच औषध मारलंय."

"पोरांना देतो मी हा गुलकंद. तोंड आलं की मागायला येतात."

"म्हणून तर म्हणतोय! अजून आठ दिवस तरी..."

मास्तर थांबले.

...

"सोमवारीच," ते हळूच म्हणाले. "मंगळवारी ती बुलबुल झाडांवरून हलतच नव्हती. अळ्या मलूल होऊन पडल्या होत्या, पटापट सापडायच्या. चोच भरून न्यायची, लगेच परत. मी मालतीला म्हटलंसुद्धा, बघ, बाईसाहेब आपली बाग साफ करताहेत..."

त्यांचा हात अजून बाबांच्या मनगटावरच होता. बाबांनी तो सोडवला नाही.

"आणि आधीची फुलं? इतक्या गुरुवारची?" मास्तर एकदम घाबरले. "ती तुम्ही..."

"तुमचं एकही फूल बरणीत गेलेलं नाही. सगळी इथल्या पिराच्या मजारीवर वाहिली. आजही घालणार नव्हतो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"साखरेशेजारी ठेवली तरी त्यांच्यावर मुंगी चढत नव्हती. मला एवढंच ठाऊक."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी मान खाली घातली. "इतक्या हौसेनं आणायचात... चुकलं माझं, मास्तर."

भांडायला समोर कोणी उरलंच नाही. मास्तर मटकन खाली बसले.

"आता तिला काय सांगू?"

बाबा उठले. मागच्या भिंतीशी गावठी गुलाबाचं झुडूप होतं, पान न् पान कुरतडलेलं. त्यांनी खुरप्यानं एक फुटवा मुळासकट काढला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून मास्तरांच्या हाती दिला.

"तिच्या खिडकीखाली लावा. आणि लावायच्या आधी तिला खरं सांगा."

मास्तरांनी रोप डोळ्यांसमोर धरलं. पानाच्या मागे एक हिरवी अळी चिकटलेली होती. वीस वर्षांच्या सवयीनं त्यांची चिमूट पुढे झाली.

या वेळी मनगट बाबांनी धरलं.

"हळू न्या, मास्तर. वाटेत पडू देऊ नका तिला."